टाऊन हॉलच्या सावलीतला चहा

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात शिरलेला माणूस सहसा पोसायडनपाशी थांबतो. ग्रीक समुद्रदेवाची ती काशाची चिमुकली मूर्ती ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. पंचगंगेच्या काठावर ती कशी आली असेल, याचं नवल कितीही वेळा पाहिलं तरी ओसरत नाही. त्याच साठ्यात काशाची एक रोमन घडणीची सुरईही निघाली होती. मद्य ओतायची, मूठ असलेली. मला ती देवापेक्षा जवळची वाटते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातल्या कुणीतरी पाहुण्याला काहीतरी प्यायला देण्यासाठी ती उचलली असणार. 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं, आणि त्यातूनच या शहराला वस्तुसंग्रहालय मिळालं. त्याच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात आहेत ती मडकी, वाडगे, रांजण. म्हणजे खाण्यापिण्याचीच भांडी.

आणि हे सगळं पाहून बाहेर आलेला माणूस चहासाठी फाटकाबाहेर, सीपीआर रुग्णालयाच्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळतो. त्यात वाईट काही नाही. पण वस्तू पाहून मनात जे साचलेलं असतं, ते रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये दोन मिनिटांत विरून जातं. संग्रहालयाच्या आवारात बसायला, बोलायला, चहा प्यायला जागा असावी, असेल तर ती नीट करावी, आणि हे करताना इमारत, नदी, कचरा, वीज यांचं भान ठेवावं, असा विचार आता सगळीकडे होतो आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात शिक्षण आणि आनंदाबरोबर शाश्वतता हाही शब्द आला. कोल्हापुरापुरता या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात बांधकामापासून करावी असं कुणालाही वाटेल. मला ती माणसांपासून करावीशी वाटते.

जगातलं पहिलं संग्रहालयी उपाहारगृह म्हणून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं नाव घेतलं जातं. तिथली गॅम्बल, पॉइंटर आणि मॉरिस यांच्या नावांनी ओळखली जाणारी दालनं 1860 आणि 1870 च्या दशकांतली, आणि आजही लोक तिथे चहा पितात. गॅम्बल दालनाच्या भिंतींना आणि खांबांना चिनी मातीच्या फरश्या आहेत, छताला मुलामा दिलेले लोखंडी पत्रे आहेत. शोभा तर आहेच, पण पुसता येतं आणि पेट घेत नाही, हा हिशेबही त्यामागे होता. दीडशे वर्षं टिकलेली ही सजावट पाहिली की दर काही वर्षांनी उखडून नवी बसवल्या जाणाऱ्या आजच्या सजावटींची कीव येते. पण त्याच उपाहारगृहात पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची खाद्यपदार्थांची यादी वेगवेगळी होती. कारागिराने काय खावं आणि साहेबाने काय खावं, हे आधीच ठरलेलं होतं.

कोल्हापूरचा चहा नेमका याच्या उलट दिशेने गेलेला आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, शिवाय गंगारामना पैसे देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. भाऊसिंगजी रस्त्यावर ते 'सत्यसुधारक हॉटेल' सुरू झालं. सवर्ण गिऱ्हाईक तिथे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. भाऊसिंगजी रस्ता आणि टाऊन हॉल यांत चालत जाण्याइतकंच अंतर. या शहरात चहाच्या कपाला एवढा अर्थ आहे. म्हणून इथल्या संग्रहालयात चहाची जागा नीट करायची म्हटलं की पहिला प्रश्न असा की तिथे कोण बसू शकेल? गांधीनगरहून आलेलं दुकानदाराचं कुटुंब, गगनबावड्याहून एसटीने आलेली शाळकरी पोरं, सीपीआरमध्ये रुग्णाजवळ रात्र काढून चार घटका सावलीला आलेली बाई. यांना परवडणार नाही असा चहा तिथे मिळणार असेल, तर बांबूच्या खुर्च्या आणि सौर दिवे लावूनही ती जागा या गावात टिकणार नाही.

टिकणं म्हणजे काय, ते मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या 'समोवार'ने दाखवलं. उषा खन्ना यांनी 1964 मध्ये ते सुरू केलं. एक लांबट, अरुंद ओसरी, एका बाजूला शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची हिरवळ. वातानुकूलन नाही, थाटमाट नाही. पराठे, पुदिन्याचा चहा, आणि एका कपावर तासभर बसू देण्याची माया. चित्रकार, विद्यार्थी, पत्रकार, नाटकवाले यांची तिथे पन्नास वर्षं ऊठबस होती. पर्यावरणाच्या हिशेबानेही ती आदर्श जागा म्हणावी लागेल. वाऱ्यावर थंड राहणारी, फारशी तोडफोड न करता पिढ्यान्‌पिढ्या तशीच वापरलेली. मार्च 2015 मध्ये ती बंद झाली. भिंती धड होत्या, माणसं येत होती. संपला तो जागेचा करार. नूतनीकरणाची चर्चा रंग आणि फर्निचरपाशी अडकते तेव्हा मला हमखास समोवार आठवतं.

आता इमारतीकडे. टाऊन हॉल 1872 ते 1876 या काळात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. नवा राजवाडाही त्यांचाच, 1884 मध्ये पूर्ण झालेला. तिथल्या काही दालनांत आज शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. दोन्हीकडे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, जाड भिंती, उंच छतं, कमानींच्या ओसऱ्या. या भिंती दिवसाची उष्णता हळूहळू पितात आणि रात्री सोडतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. एप्रिलमध्ये दुपार तापते, पण संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की ओसरीत बसवतं. अशा ठिकाणी काचा लावून, ओसरी बंद करून, आत वातानुकूलन यंत्र बसवणं हा माझ्या मते सगळ्यात महागडा अविचार. मँट यांनी वाऱ्याची केलेली सोय आपण आधी बुजवतो आणि मग विजेने परत विकत घेतो.

दगडाच्या जुन्या इमारतीत काम करताना सिमेंटचा मोह आवरणं ही दुसरी गोष्ट. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 8 टक्के धरतात. जुन्या भिंतीच्या दृष्टीने मात्र अडचण त्याहून जवळची आहे. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. पावसाळ्यात आत शिरलेली ओल चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओलीला वाट राहत नाही. ती क्षार घेऊन दगडाच्या आणि विटेच्या तोंडाशी येते आणि तोंडच फोडते. मी एका जुन्या वाड्यातलं उपाहारगृह पाहिलं आहे. कुठलं ते सांगत नाही. गुळगुळीत सिमेंट, त्यावर महागडा रंग, आणि तिसऱ्या पावसाळ्यात टेबलाच्या उंचीपर्यंत पोपडे. मालकाने परत रंग काढला, परत पोपडे आले. तीन वेळच्या रंगाच्या पैशांत चुन्याचं काम झालं असतं.

चुन्याचं काम आपल्याला नवं नाही. भिजवून मुरवलेला चुना, वाळू, विटांची सुरकी, बैलाच्या घाणीवर मळलेला मसाला, त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि हिरड्याचं पाणी. ज्या जिल्ह्याच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्या जिल्ह्यात हे साहित्य शोधत फिरावं लागू नये. हिरडा तर इथल्या चपलेच्या कातड्यालाही लागतो. बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावलं जात आलं आहे. उपाहारगृहातल्या बाकांना बैठक हवी असेल तर रेक्झिन कशाला? हेच कातडं घ्यावं. फाटलं तर सुभाषनगरातला कारागीर ते शिवून देईल. जमिनीला शहाबादी फरशी किंवा कोबा, आणि लाकूड हवं तर जुनं सागवान. शहरातले आणि पेठांमधले वाडे पाडले जाताना निघणारे खांब, तुळया, दारं भंगारात जातात. त्यांचं टेबल झालं तर नवीन झाड तोडावं लागत नाही, आणि एखाद्या वाड्याची आठवणही शिल्लक राहते.

या सगळ्याला संवर्धनवाले एक कसोटी लावतात, ती मला फार पटते. केलेलं काम उद्या इमारतीला इजा न करता काढून घेता आलं पाहिजे. दगडात खिळा मारायचा नाही, मांडणी जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, विजेच्या तारा भिंत खोदून नेण्याऐवजी उघड्या नळीतून न्यायच्या. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत 1872 ची, म्हणजे टाऊन हॉलच्या पिढीची. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचं जतन केलं, संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी होते, आणि 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार त्या कामाला मिळाला. तिथे चहापाण्याची सोय मुख्य दालनाच्या पोटात न घुसवता मागच्या प्रांगणात ठेवली. आपल्यासाठी यातला सगळ्यात मोठा धडा हाच.

कारण आग. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 पासून गाणं आणि नाटक ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं या शहराने पाहिली आहेत. त्याआधी 26 एप्रिल 2016 रोजी दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत गेलं, 2 सप्टेंबर 2018 रोजी रिओचं राष्ट्रीय संग्रहालय. एवढं पाहिल्यावर जुन्या लाकडी छताखाली गॅसची शेगडी आणि तळणाची कढई मांडायची कल्पना कुणी करू नये. माझं मत स्पष्ट आहे. संग्रहालयाच्या इमारतीत पदार्थ तयार होऊ नयेत. फार तर गरम व्हावेत. स्वयंपाक दुसरीकडे, आवाराच्या कडेला स्वतंत्र खोलीत किंवा गावातल्या एखाद्या बचत गटाच्या भटारखान्यात. तिथून डब्यांतून आणावं. चहाचं आधण इंडक्शनवर. गॅसच्या ज्योतीची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूंनी निसटते, इंडक्शनची बहुतेक सगळी भांड्यात जाते. वर उघडी ज्योत नाही, धूर नाही, उन्हाळ्यात खोली तापत नाही.

तळण नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. तेलाचा धूर हवेत तरंगत जाऊन चित्रांवर, कापडांवर, काचांवर बसतो. त्या चिकट थरावर धूळ बसते, धुळीवर बुरशी. खरकटं राहिलं की झुरळं, उंदीर येतात. त्यांच्यामागे धावताना कसर, वाळवी यांच्याकडे दुर्लक्ष होऊ लागतं. एक भजी खाल्ल्याने पैठणीला भोक पडत नाही, पण दहा वर्षांच्या भज्यांनी पडू शकतं. म्हणून बसायची जागा आणि पहिलं प्रदर्शन-दालन यांच्यामध्ये मोकळी हवा असावी, दार सरळ समोरासमोर उघडू नये, आणि कचरा रात्री आवारात राहू नये. हे नियम पर्यावरणाच्या पुस्तकात सापडत नाहीत. पण वस्तू टिकली नाही तर उपाहारगृह कशासाठी?

विजेचं गणित त्यामानाने सोपं. साधा छताचा पंखा 70 ते 75 वॅट घेतो, ब्रशलेस मोटरचा पंखा 30 च्या आसपास. आठ पंखे दिवसाला दहा तास, वर्षात 300 दिवस चालले तर सुमारे हजार युनिट वाचतात. शीतकपाटात मात्र फसगत होते. लोक फक्त तारांकन पाहतात, आतला वायू पाहत नाहीत. आर-134ए हा वायू गळला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त असतो. आर-290 म्हणजे साधा प्रोपेन, त्याचा अगदी किरकोळ. आता दुकानांतल्या बऱ्याच शीतकपाटांत तो मिळतो. सौर पत्रे लावायचे तर मँटच्या छपरावर नकोत, आवारातल्या नव्या शेडवर लावावेत. वारसा इमारतीचं आभाळाकडचं तोंडही तिचंच असतं.

पाण्यावर जरा थांबू. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो एक लाख लिटर होतो. वाया जाणारं वजा जाता ऐंशी हजार तरी हाती लागावं. रोज तीनशे कप धुवायला, कपाला अर्धा लिटर धरलं तर, दीडशे लिटर लागतात. पण पाऊस चार महिन्यांत कोसळतो, म्हणून साठवण हवी. दहा हजार लिटरची टाकी भरली तर दोन महिन्यांचं धुणं होतं. भागणार नाही, तरी भार हलका होईल. गाळून घेतलेलं धुण्याचं पाणी बागेला द्यावं, म्हणजे ते नाल्यातून पंचगंगेत जाणार नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात याच नदीने शहराची गळचेपी केली. उरलेल्या वर्षभर आपण तिची करतो, जयंती नाल्याच्या वाटेने.

कपाचा प्रश्न लोकांना सर्वांत आवडतो, कारण तो दिसतो. कागदी कप पर्यावरणाला बरा, असा गैरसमज अजून आहे. त्याच्या आत प्लास्टिकचं पातळ अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात, शंभर मिलिलिटर गरम पेय अशा कपात पंधरा मिनिटं राहिलं तर सुमारे 25 हजार सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात, असं दिसलं. वर दिवसाला तीनशे म्हणजे वर्षाला नव्वद हजार कप कचऱ्यात. मातीचा कुल्हड देखणा, बापट कॅम्पच्या कुंभारांना त्यातून काम मिळेल असंही वाटतं. पण एकदा भाजलेली माती परत माती होत नाही, आणि भट्टीला जळण लागतं. एका घोटासाठी भाजून फेकणं ही उधळपट्टीच. ब्रह्मपुरीची खापरं अठराशे-दोन हजार वर्षांनी जशीच्या तशी हाती लागतात, ती त्याच कारणाने! कुंभाराला काम द्यायचं तर पाण्याचे माठ, झाडांच्या कुंड्या, ताटल्या, संग्रहालयातल्या आकारांवरून घडवलेले वाडगे विकायला द्यावेत. चहाला काचेचा ग्लास किंवा कपबशी, पाण्याला स्टील. बाहेर न्यायची सोय हवीच असेल तर अनामत घेऊन ग्लास द्यावा. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी 2018 मध्ये आली, देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून. कायद्याला जे जमत नाही ते धुऊन ठेवलेला ग्लास करतो.

ताटात काय असावं? कोल्हापुरात दुधाशिवाय चहाची गोष्ट बोलू नये. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध प्यायलं जातं, तिथे कुणी बदामाच्या दुधाचा उपदेश केला तर तो ऐकला जाणार नाही, आणि ऐकावा असंही मला वाटत नाही. पण चहाच्या कपातला पर्यावरणावरचा मोठा भार दुधाचाच असतो, हेही खरं. म्हणून उकळून उरलेला चहा ओतून देणं थांबवावं, मागणीप्रमाणे टाकावा, बिनदुधाचा गुळाचा चहा, ताक, नाचणीचं आंबील मानाने यादीत असावं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला मानांकन आहे. त्याचा दहीभात एका वाडग्यात मिळाला तर पाहुण्याला जिल्ह्याचा भूगोल कळेल. थालीपीठ, पोहे, भडंग यांना तळणाची कढई लागत नाही. मिसळ हवीच, नाहीतर गाव माफ करणार नाही. कट बाहेरून यावा, इथे फक्त गरम व्हावा. चहाचा चोथा आणि भाजीची देठं बागेच्या खड्ड्यात जिरतील. कसबा बावड्याच्या झूमच्या कचऱ्याच्या ढिगावर आणखी एक पिशवी नको.

खर्चाचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. चुना, जुनं सागवान, ग्लास, पंखे यांत अवघड असं काही नाही. अडतं ते कराराच्या कागदावर. सरकारी किंवा संस्थेच्या उपाहारगृहाचा ठेका साधारणपणे सगळ्यात जास्त भाडं देणाऱ्याला आणि थोड्या मुदतीसाठी जातो. अकरा महिन्यांनी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो चुन्याचा गिलावा कशाला करील? तो प्लायवूड ठोकतो, कागदी कप आणतो, चहा महाग करतो. पुढचा ठेकेदार ते उखडून आपलं ठोकतो. कचऱ्याचा खरा कारखाना हा आहे.

म्हणून टाऊन हॉलच्या किंवा कुठल्याही संग्रहालयाच्या आवारात हे काम हाती घ्यायचं ठरलं, तर निविदेची भाषा आधी बदलावी लागेल. मुदत किमान सात वर्षांची. भाडं माफक, पण भिंती, फरशी आणि फर्निचरची देखभाल ठेकेदाराकडे, तीही चुन्याच्या गवंड्याकडून आणि सुताराकडून. इमारतीच्या आत ज्योत नको. धुऊन वापरायची भांडी. कामावर पहिला हक्क परिसरातल्या महिला बचत गटांचा. दर वर्षी एकदा संवर्धकाने येऊन दालनांतली धूळ, ओल आणि किडे तपासायचे, आणि त्याचा कागद दारावर लावायचा.

आणि एक कलम चहाच्या दराचं. फाटकाबाहेरच्या गाडीवर जो दर असेल, तोच आत.